जीप उंच केली त्या वर्षी

मालकाची जीप उंच झाली त्या दिवसापासून बायांना तिच्यात चढायला संत्र्याची रिकामी पेटी लागू लागली. आधी मागच्या लोखंडावर एक पाय टेकला की बाई आत जायची. आता ते लोखंड पार वर गेलं होतं. बाबा पेटी उलटी करून ठेवायचे, बाया लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन, एकमेकींच्या खांद्याला धरून चढायच्या, आणि मालक गोदामाच्या ओट्यावर खुर्ची टाकून ते पाहत बसायचा. रोज सकाळी. चहा तो तेव्हाच प्यायचा.

"सांभाळून बाई, सांभाळून! हत्तीवर चढून राहिल्या तुम्ही!"

माझ्या मोठीमायनं, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीनं, एकदा त्याला तोंडावर सांगितलं, "मालक, मांगं एक पायरी लावून द्या ना. म्हाताऱ्या बाया हायेत."

"पायरी लावली तं तमाशाच्या गाडीवानी दिसन," तो म्हणाला. "अन् म्हातारी कोन हाये याच्यात? मले तं सगळ्या जवान दिसते."

सगळे हसले. हमाल हसले, मुनीम हसला. बाबाही हसले. पेटी धरायला खाली वाकलेले होते, तसेच वाकलेले हसले. मी समोर उभी होते.

बाबा त्या जीपचे ड्रायव्हर. मालकाचे पांढुर्ण्याच्या आसपास संत्र्याचे बगीचे होते, आणि आमच्या वस्तीतल्या बाया तिथं तण निंदायला, फळं तोडायला जायच्या. मोठीमाय त्यांच्यात सगळ्यांत जुनी. नवरा मेला तेव्हापासून ती आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहायची.

आमच्या घराच्या भिंतींना कधी रंग लागला नाही, पत्रकं लागली. खळीनं चिकटवलेली, लाल, पिवळी, हिरवी. मजुरी वाढवून मागणारी, विहारातल्या सभांची, सार्वजनिक विहिरीवर सगळ्यांना पाणी मिळालं पाहिजे म्हणून निघालेल्या मोर्च्याची. तरुणपणी बाबांनी ती वाटली होती, काही लिहिलीही होती. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं, भिंतीवर हक्क आणि लाचारी होती. मला लाचारी हा शब्द बदकाच्या आधी वाचता आला. ज्या माणसानं बोट ठेवून तो शब्द मला वाचायला लावला, तोच माणूस पेटी धरून हसला. मी ते तेव्हा माफ केलं नाही आणि आजही करत नाही.

जीप पलटणीच्या लिलावातून आलेली जुनी होती. ती उंच का झाली, त्याचं कारण एवढंच की लोधीखेड्याच्या एका लग्नात मालकाचा अपमान झाला. तिथल्या एका ठेकेदारानं आपली जीप उंच करून घेतली होती. मांडवापुढं दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या आणि ठेकेदाराच्या गाडीचे दिवे काचेतून थेट मालकाच्या डोळ्यांत गेले. वऱ्हाडातलं कोणीतरी म्हणालं, "सेठ, तुमची गाडी तं याच्या गाडीचं पिल्लू दिसून राहिली." मालक न जेवता उठून आला.

त्याच आठवड्यात जीप सौंसरच्या मिस्त्रीकडे गेली. मला सौंसरहून एका सभेची पत्रकं आणायची होती, म्हणून मीही मागं बसून गेले. पत्रकं छापून झाली नव्हती. दिवसभर मी मिस्त्रीच्या शेडमध्ये एका टायरवर बसून राहिले. त्यामुळे पुढचं मी ऐकीव सांगत नाही.

मिस्त्री गालात तंबाखूचा खर्रा धरून बोलायचा आणि गिऱ्हाईक असो की नोकर, सगळ्यांना सारखाच टोचायचा.

"किती उंच पायजे, सेठ?"

"लोधीखेड्याच्या गाडीहून वर."

"वर करतो. पन सेठ, वरचं वर जाते, खालचं खालीच राहते. त्याचं काय करता?"

जीपच्या पोटाखालून, गिअरच्या पेटीपासून मागच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आसापर्यंत, एक लोखंडी दांडा जातो. त्याला शाफ्ट म्हणतात. इंजिनाचं फिरणं तोच मागच्या चाकांपर्यंत नेतो. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस नावाचे जोड असतात, तिथं तो मनगटासारखा वळतो. आणि दांडा अखंड नसतो. त्याचा एक तुकडा दुसऱ्यात सरकतो, कारण रस्त्यात चाकं वरखाली होतात तसं मधलं अंतर कमीजास्त होत राहतं. आता कमानींवर जास्तीचे पाटे चढवून, खाली लोखंडी ठोकळे घालून गाडीचं अंग वर उचललं, तर गिअरची पेटी अंगाबरोबर वर जाते आणि धुरा चाकांबरोबर खाली राहतो. दांडा तिरका होतो आणि त्याला जास्त लांब पोचावं लागतं. त्याची लांबी तर तेवढीच. मग एक तुकडा दुसऱ्यातून बाहेर येत जातो.

हे समजावायला मिस्त्रीला बाबा सापडले. त्यानं एका हातानं बाबांच्या बाहीची कड पकडली आणि दुसऱ्या हातानं त्यांना खांद्याला धरून मागं ढकललं. बाबांचा पंजा बाहीच्या आत गेला, कडेशी फक्त बोटांची टोकं उरली. खांद्याशी शिवण उसवल्याचा आवाज आला.

"हे पाहा सेठ. हा हात, हे बाही. इतक्या टोकावर तुमची गाडी चालन. एखांद्या खड्ड्यात चाक खाली लोंबलं का हात बाहीच्या बाहेर."

मालकाला ते चित्र आवडलं. "अजून वढ, अजून वढ," म्हणाला. मिस्त्रीनं अजून ओढलं. बाबा बुटके होते, टाचा उंचावून उभे राहिले आणि हसले.

"मंग इलाज काय?"

"शाफ्ट लांब करा लागते. नागपूरले लेथवर पाठवतो. पंधरा रोज गाडी बंद."

"पंधरा रोज मी काय पायी फिरू? अन् तो लोधीखेड्याचा माह्या दारावरून गाडी नेईन? वरून उंच दिसते ना? खालून कोन पाहते?"

"खालून मी पाहतो अन् कुत्रे पाहते," मिस्त्री म्हणाला. "ठीक हाये. पुढचा शाफ्ट तं काढूनच ठेवतो, तो आत्ताच रगडून राहिला. अन् मांगच्याले दावं बांधतो."

जीपमध्ये ओढकामाला ठेवलेला मोटेचा एक जुना नाडा होता. विहिरींवर बिजलीचे पंप आले तसे हे नाडे बेकार झाले होते. अंबाडीचा, मनगटाएवढा जाड, वर्षानुवर्षं पाणी पिऊन काळा पडलेला, जेवढा ताणायचा तेवढा ताणून संपलेला दोर. मिस्त्रीनं तो दुहेरी करून मागचा धुरा वरच्या लोखंडी सांगाड्याला बांधला. चाक खड्ड्यावर आलं तरी धुरा आता दोराच्या मापापलीकडे लोंबू शकत नव्हता. धुरा लोंबला नाही की शाफ्ट निसटत नाही.

"डायवर, कान इकडं कर," तो बाबांना म्हणाला. "हे दावं सुटलं का तू गेला, समजलं? अन् हातब्रेकच्या भरोशावर राहू नको. या गाडीचा हातब्रेक चाकावर नसते, शाफ्टच्या या गिअरकडच्या टोकावर असते. शाफ्ट गेला का तू दांडी वढत बस."

पुढचा शाफ्ट काढल्यामुळे चार चाकांनी ओढणारी जीप आता दोनच चाकांवर ओढत होती, पण उंच होती. परतताना मालकानं मुद्दाम बोरगावचा वळसा घेतला, कोणाला तरी दाखवायला. वेग घेतला की बुडाखालची पाटी थरथरायची. गिअर टाकला की खालून खट् असा आवाज यायचा. तिरक्या दांड्यामुळे क्रॉसचे जोड टिकेनात. त्यांच्या आतल्या बारीक सुयांचं पीठ व्हायचं, आणि बाबा जीपखाली पाठीवर सरकून ग्रीसनं बरबटलेले बाहेर यायचे.

पण बाबांना ती उंची आवडली होती. जेवताना सांगायचे, "वरून गाव येगळंच दिसते. घरांचे कवेलू दिसते." गल्लीतून जाताना ते भोंगा वाजवायला लागले. ओळखीच्या माणसानं हात केला तर मान वळवेनात. आरसा त्यांनी मागचं दिसेल असा न ठेवता स्वतःचं तोंड दिसेल असा फिरवून घेतला होता. मोठीमाय मागून ओरडायची, "जवाईबापू, भांग नीट हाये, आता रस्ता पाहा!"

मग पोळा आला.

पोळ्याला बैलाच्या अंगावर जुना दोर ठेवत नाहीत. बैल धुतात, शिंगं रंगवतात, वेसण नवी, मोरकी नवी, कासरा नवा. वर्षभर घासलेला दोर त्या दिवशी काढून टाकतात, कारण तो दिवस बैलाच्या मानाचा. मालकानं ठरवलं की या वर्षी तोरणाखाली त्याच्या बैलांच्या रांगेत जीपही उभी राहील. जीप धुतली. बॉनेटवर झूल टाकली. दिव्यांना लाल हिंगूळ लावला. मुनीमाच्या बायकोनं टायरांना हळद लावली. आणि आरतीचं ताट फिरत असताना मालकाला मागच्या चाकांमधून लोंबणारा तो काळा नाडा दिसला.

"हे काय रे? पोळ्याच्या दिवशी जुनं दावं? काढ."

बाबा म्हणाले, "मालक, ते मिस्त्रीनं..."

"तुमच्यात पोळा नसते, तुले काय समजते? इतके बैल उभे हायेत, एकाच्या तरी आंगावर जुना दोर हाये का? माह्या घरची लक्ष्मी हाये हे. काढ म्हनतो ना!"

सगळं मैदान पाहत होतं. बाबांनी कोणाचातरी विळा घेतला, जीपखाली गेले आणि नाडा कापला. मालकानं स्वतःच्या हातानं नवा दोर बांधला. लाल-पांढरा, सुती, गोंडे लावलेला. हातानं ओढला तरी वाढणारा. गाठ मारून त्यानं त्याला घुंगरू लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मिस्त्रीचं बोलणं बाबांना पाठ होतं. नकार द्यायला त्यांना शब्दही शोधावे लागले नसते, आमच्या भिंतीवर भरपूर होते. पण त्यांनी विळा परत केला आणि हात पुसले.

दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत पांढुर्णा आणि सावरगावनं जाम नदीच्या दोन काठांवरून दगड मारून एकमेकांची डोकी फोडली, दरवर्षीसारखी. त्याच्या पुढच्या दिवशी बाया कामाला निघाल्या. जीप भरलेली होती, म्हणून मोठीमाय सगळ्यांत मागं, उघड्या फळीवर पाय बाहेर सोडून बसली. बगीच्याच्या अलीकडे एक नाला आहे. पलीकडच्या काठाचा चढ पावसानं एका बाजूनं खचला होता. मागचं एक चाक त्या खचलेल्या जागेवर आलं आणि लोंबलं. सुती दोर ताणला, अजून ताणला, आणि शाफ्ट निसटला.

सुटलेला तुकडा गिअरच्या बाजूनं फिरतच होता. त्यानं खाली आपटत ब्रेकची नळी तोडली. बाबांनी पायाचा ब्रेक दाबला, तो तळाला गेला. मग हातब्रेकची दांडी ओढली. बाया सांगतात की ते ओढतच राहिले. जीप मागं घरंगळली आणि नाल्याच्या दगडी कडेवर जाऊन आदळली. मागच्या फळीच्या आणि दगडाच्या मधे मोठीमायचा पाय होता.

बाकी कोणाला फारसं लागलं नाही. तेच तिच्या मुळावर आलं.

तिला बैलगाडीनं पांढुर्ण्याच्या दवाखान्यात आणलं. सगळ्या खाटांवर गोटमारीची फुटलेली डोकी होती. त्यांच्याभोवती नातलग, फळं, विचारपूस. कोणी दगड झेलला, कुठून झेलला, याच्या गोष्टी रंगल्या होत्या. निंदायला जाताना मोडलेल्या पायाची गोष्ट ऐकायला कोणी आलं नाही. डॉक्टरांनी पाय धुतला, पट्ट्या बांधल्या आणि स्वच्छ सांगितलं की आजच नागपूरला न्या, उशीर केला तर पाय राहणार नाही.

नेणार कोण? त्यावर गोदामापुढं चारचौघे बसले. मालकाच्या बाजूचे, आमच्या वस्तीचे. ठरलं ते असं की जीपनं पाय चिरडला असेल तर मालकानं तिला नागपूरला न्यावं आणि बरं करून आणावं. तिनं भिऊन उडी मारली असेल तर तिचं तिनं पाहावं.

"उडीच मारली," मालक म्हणाला. "बाकीच्या बसल्या राहिल्या ना? त्याइले काही झालं?"

बाया ओरडल्या की ती बसलेलीच होती.

"बायाइचं काय आयकता? त्या एकमेकीचंच बोलन. डायवरले विचारा. त्याच्या तं घरचीच बाई हाये, तो काहून खोटं बोलन?"

बाबा उभे होते. त्यांच्या मागं जीप होती, ओढून आणलेली, लाल-पांढरा दोर खाली लोळत असलेली. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि मला वाटलं की हा माणूस आता बोलेल. मला खरंच वाटलं.

"उडी मारली तिनं," बाबा म्हणाले. "आरशात दिसलं मले."

मी धावत दवाखान्यात गेले आणि मोठीमायला सांगितलं. ती दुखण्यानं पांढरी पडली होती. तरी हसली.

"आरशात? त्या आरशात तं तो भांग पाडते."

घरी मी भांडले. भिंतीवरची पत्रकं दाखवून भांडले, कोणतं कोणी लिहिलं ते वाचून दाखवत भांडले. बाबा भिंतीकडे पाठ करून बसले. उत्तर आईनं दिलं. जिची बहीण खाटेवर पडली होती त्या आईनं.

"चूप बस. बाप घरी बसला तं काय खाशील? ते कागद उकडून देऊ तुले?"

तिला बहिणीची दया नव्हती असं नाही. तिनं पीठ मळत मळत डोळे पुसले. पण मत बदललं नाही. मालक कधीतरी विरघळेल म्हणून वस्तीनं वाट पाहिली, आणि पाय काळा पडत गेला. शेवटी बायांनीच तिला पॅसेंजर गाडीनं नागपूरला न्यायचं ठरवलं. मी बरोबर निघाले.

पांढुर्ण्याच्या स्टेशनावर डब्यात चढलो तर आत बाबा बसलेले. मांडीवर पोत्यात गुंडाळलेला शाफ्ट. मालकानं तो लांब करायला नागपूरच्या लेथवर पाठवला होता. गाडी आता बंदच होती, त्यामुळे पंधरा दिवसांची अडचण उरली नव्हती.

आम्ही मोठीमायला खाली, दाराजवळ निजवलं. गाडीच्या प्रत्येक हिसक्यानं ती दात आवळत होती. बाबा खिडकीबाहेर पाहत होते.

"जवाईबापू," ती म्हणाली, "ते लोखंड इकडं सरकवा. पाय टेकाले."

बाबांनी शाफ्ट खाली सरकवला. बायांनी तो पट्ट्या बांधलेला पाय उचलून पोत्यावर ठेवला. मोठीमायनं डोळे मिटले, जरा वेळानं उघडले.

"आता सांगा. मी उडी मारली व्हती का?"

डबा अनोळखी माणसांनी भरलेला. कोणी आमल्याचे, कोणी बैतूलचे. त्यांना उडीचं काय.

"नाही," बाबा म्हणाले.

"हे तिकडं काहून नाही म्हटलं?"

नागपूर आल्यावर बाबांनी पाय अलगद बाजूला ठेवला, शाफ्ट खांद्यावर घेतला आणि लेथच्या दिशेनं गेले. मोठ्या दवाखान्यात सांगितलं की फार उशीर झाला. पाय गुडघ्याखाली कापला. शाफ्ट लांब होऊन आला. मोठीमाय आणि शाफ्ट दोन्ही पांढुर्ण्याला परतले, शाफ्ट आधी.

मी पत्रक लिहिलं. माझ्या हातचं पहिलं. नाडा, सुती दोर, शाफ्ट, आरसा, सगळं लिहिलं. बापाचं खोटंही लिहिलं, काही झाकलं नाही. सौंसरला छापून आणलं आणि बाजाराच्या दिवशी चौकात उभी राहून वाटलं. संध्याकाळी भजेवाला त्याच्यात भजी बांधून देत होता. मालकानं एक मागवून वाचलं आणि बाबांना म्हणाला, "पोट्टी मस्त लिहिते रे. गोदामात पाठव, मुनीमाचं अक्षर लय खराब हाये." बाबांना त्यानं काढलं नाही. काढायची गरजच काय होती? बाबांनी ते पत्रक वाचलं, घडी केली आणि कंदिलाची काच पुसायच्या फडक्याजवळ ठेवलं. भिंतीवर लावलं नाही.

मोठीमायला मी ते वाचून दाखवलं. "चांगलं हाये," ती म्हणाली. "पन हे तू म्हटलं. तुह्या बापानं कुठं म्हटलं?"

मग तिनं आपली रीत सुरू केली.

रोज संध्याकाळी बाबा जेवायला बसले की ती काखेत बांबूची कुबडी घेऊन आमच्या दारात यायची. उंबऱ्यात बसायची. पहिला घास तोंडाशी गेला की मोठ्यानं विचारायची, गल्लीला ऐकू जाईल असं.

"जवाईबापू, मी उडी मारली व्हती का?"

पहिल्या दिवशी बाबांनी घास खाली ठेवला. ती उठली नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा. भाकरी वाळली. आई रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, जेवू दे ना त्यायले."

"मी कुठं हात धरला? सांगा, जेवा."

शेवटी बाबा म्हणाले, "नाही."

"जेवा मंग," म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी परत. पावसात परत, थंडीत परत. बाबांनी जेवणाची वेळ बदलून पाहिली, ती त्या वेळेला आली. घरामागं बसून पाहिलं, ती वळसा घालून आली. ते ओरडले, तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं. गल्लीतली माणसं आधी हळहळली, मग हसू लागली, मग त्यांना सवय झाली. बाबांनाही झाली. होळीपर्यंत त्यांचं उत्तर तिचा प्रश्न संपायच्या आत यायला लागलं, घास चावता चावता, डोकं वर न करता. "नाही बाई." जसं कोणी चहा घेणार का विचारावं आणि आपण नाही म्हणावं.

मला ते क्रूर वाटत होतं. असं मी तिला म्हणालेही. ती म्हणाली, "मंग? क्रूरच हाये."

पुढचा पोळा आला. जीप पुन्हा रांगेत. शाफ्ट लांब झालेला, नाड्याच्या जागी लोखंडी साखळी, गिअर टाकला तरी आवाज नाही. मालकानं साखळीलाही घुंगरू लावलं होतं. बाबा पांढरा सदरा घालून वर, चाकापाशी बसलेले. मालक खाली, पाहुण्यांच्या घोळक्यात. लोधीखेड्याच्या ठेकेदारालाही त्यानं मुद्दाम बोलावलं होतं, जीप दाखवायला. तोरण तुटायच्या आधी वाजप थांबतं आणि मैदान शांत होतं. त्या शांततेत बैलांच्या मधून कुबडीवर मोठीमाय आली. जीपच्या शेजारी उभी राहिली. मान वर करून, रोजच्याच आवाजात तिनं विचारलं.

"जवाईबापू, मी उडी मारली व्हती का?"

"नाही बाई," बाबा म्हणाले.

म्हणून गेले. वर्षभर रोज म्हणत होते तसे, मोठ्यानं, विचार न करता. मग त्यांचा हात तोंडाकडे गेला, पण उशीर झाला होता.

"काय म्हनते डायवर?" मागून कोणीतरी विचारलं.

"म्हनते, बाईनं उडी नव्हती मारली."

"अन् मंग मागं काय बोलला व्हता?"

लोधीखेड्याचा ठेकेदार फिदीफिदी हसला. "सेठ, गाडी वर गेली अन् इज्जत खाली राहिली वाटते!" त्याचं हसणं पसरत गेलं. ज्यांनी दोर बांधताना टाळ्या वाजवल्या होत्या तेही हसले. हसताना त्यांना पायाची आठवण होती असं मी म्हणणार नाही.

मालकाचं तोंड काळंनिळं झालं. "उतर," तो बाबांना म्हणाला. "उतर खाली. याच्यापुढं माह्या गाडीले हात लावू नको."

बाबा वळले. उतरायला त्यांनाही पेटीच लागायची. पेटी जीपच्या कडेला ठेवलेली होती. मोठीमायनं कुबडीचं टोक तिच्या फटीत घातलं आणि पेटी ओढली. ती घसरत बैलांच्या पायांत गेली आणि मोडली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढं झाले नाही. कोणीच झालं नाही. मालक पुन्हा ओरडला. बाबा जीपच्या काठावर बसले, पाय खाली सोडून पाहिले, पोचले नाहीत. मग त्यांनी डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. हातांवर पडले, शेणात, पांढऱ्या सदऱ्यासकट.

मोठीमाय गर्दीकडे वळली.

"आता पाहा," ती म्हणाली. "याले म्हनते उडी."